बाहेरची कडी

— नाही, 'मारलं' हा शब्द आपण तूर्त बाजूला ठेवू, राजेश्वरीताई. जन्मभर मुलींना संस्कृत शिकवलंय मी, शब्द तोलून वापरायची सवय आहे, आणि असा शब्द एकदा माणसाला चिकटला की सात पाण्यांनी धुतला तरी निघत नाही. हात उचलला गेला, असं म्हणू. आणि तुम्ही ह्या बाजूला बसा बघू, माझ्या उजवीकडं, डाव्या कानानं मला ऐकू येत नाही — हं, ह्या खुर्चीत. पंखा वाढवू का? इंदापूरहून ह्या उन्हात आलात, कळसच्या पुढं रस्ता उकरून ठेवलाय म्हणतात, चहा तरी घ्या. नको? बरं. दीप्ती आत आहे, श्रियाला जवळ घेऊन पडलीय, तुमची मुलगी आहे, भेटालच, मी कुठं अडवतेय? हात मोडलाय हे खरं, मी नाकारत नाही. मनगटाच्या वरचं हाड. ओठाला टाके आहेत, ते पाहून दचकू नका, टाक्यांनी सूज अधिक दिसते. दवाखान्यात 'न्हाणीघरात पाय घसरला' असं मीच सांगितलं, दुसरं काय सांगणार होते? तिथं पोलिसांचा माणूस बसलेला असतो. तुम्ही दीप्तीला घेऊन जा, महिनाभर माहेरी राहू दे, माझी हरकत नाही, उलट मीच तिची पिशवी भरून देते. पण श्रिया इथंच राहील. नाही, ह्यात चर्चा नाही, विहीणबाई. मुलगी बापाच्या घरात राहते. माझा अनिमेष दुपारी जेवायला येईल आणि घरात मुलगी नसेल, तर काय होईल ह्याची कल्पना तुम्हाला नाही. मला आहे.

तुम्हाला संभाजीरावांनी फोन केला ना? ठाऊक आहे मला. शेजारी म्हणून वाईट नाही माणूस, सोमेश्वरनगरकडं ऊस आहे, मुलांच्या शिक्षणासाठी इथं बारामतीत बंगला बांधला, सुगीत कणसं पाठवतो — पण कुठं शिरावं आणि कुठं शिरू नये, हे त्याला कळत नाही. भरदुपारी कुंपणाच्या भिंतीवरून उडी टाकून आला. दुसऱ्याच्या घरात. नवराबायकोत शब्दानं शब्द वाढला, दार लागलेलं होतं, आत काय चाललंय ते मला दिसत नव्हतं, मी म्हातारी काय करणार होते, सांगा. आणि हा मनुष्य चिखलाच्या बुटांनी माझ्या दिवाणखान्यातून चालत गेला. फरशी अजून मी पुसतेय.

आता मुद्द्याचं ऐका. अनिमेष तसा नाही. तुम्ही मुलगी दिलीत तेव्हा कसून चौकशी केलीत, त्याच्या हाताखालच्या माणसांनाही विचारलंत, आम्हाला कळलं होतं ते, राग नाही — कुणी वावगा शब्द बोललं? नाही. मग हे येतं कुठून? रक्तातून येतं. अलंकार म्हणून म्हणत नाही, अक्षरशः. आपल्या शरीरात काही ग्रंथी असतात, त्या आपला रस थेट रक्तात सोडतात — गळ्यात अवटु, तिला तुम्ही थायरॉइड म्हणता. तिच्या पाठीला तांदळाच्या दाण्यांएवढ्या परावटु. आणि दोन्ही मूत्रपिंडांवर टोपी घातल्यासारख्या अधिवृक्क. ॲड्रिनल म्हणतात दवाखान्यात. काही घराण्यांत एक दोष पिढ्यान्‌पिढ्या उतरतो, आणि मग ह्यांतल्या एका ग्रंथीत नव्हे, एकीनंतर एकीत अर्बुदं उठतात — गाठी हो, गाठी. गळ्यातली गाठ कर्काची, कॅन्सरची. मूत्रपिंडावरची बहुधा कर्काची नसते, पण ती अधिक दुष्ट. ती एकाएकी रक्तात असा रस ओतते की जो वाघ समोर आल्यावर माणसाला पळायला लावतो, नाही तर झुंजायला लावतो. वाघ कुठंच नसतो. स्वयंपाकघरात पोळ्या लाटणारी बायको असते. म्हणून म्हणते, हात उचलला गेला. कुणी उचलला, असं विचाराल तर त्या रसानं.

ह्यांचंही तेच. तुम्ही ह्यांना पाहिलं नाहीत, तसबीर पाहिलीत. चिंतामण नाव, पण चिंतामणी म्हटलेलं खपायचं नाही. वालचंदनगरला क्वार्टर्समध्ये होतो आम्ही, हे आराखडे काढायचे, यंत्रांचे, रेघ अशी की केस ठेवून मापावी. लग्न होऊन गेले आणि पहिल्याच पावसाळ्यात जेवता जेवता ह्यांचा घास हातातच थांबला. चेहरा चुन्यासारखा. कपाळावरचा घाम ताटात ठिबकतोय, छाती अशी उडतेय की सदऱ्याच्या गुंड्या हलताना दिसाव्यात, आणि डोळे — खाटकाच्या दारात बांधलेल्या बैलाचे असतात तसे. मी घाबरून उठले. सासूबाई मात्र शांत. 'घराण्याची वावटळ आहे,' म्हणाल्या, 'ह्याच्या वडिलांनाही यायची. तू आत जा त्याच्याबरोबर.' रीत ठरलेली होती त्या घरात. त्याला मधल्या खोलीत न्यायचं, दिवा मालवायचा, बायकोनं आत बसून पाय चेपायचे, आणि सासूनं बाहेरून कडी लावायची. वावटळ घराबाहेर पडू नये म्हणून. क्वार्टर्सच्या भिंती त्या, एकाला उचकी लागली तरी पलीकडचे पाणी विचारायचे. त्या पहिल्या वेळी दाराबाहेरून सासूबाई म्हणाल्या, 'सरोजिनी, ओरडायचं नाही हो. पदर दातांत धर.' धरला. त्यात एक शहाणपण होतं, पदर दातांत असला की ओठ फाटत नाही. दीप्तीला मी हे सांगायला हवं होतं, पण हल्लीच्या मुली पदर घेतात कुठं? आराखड्याची पोलादी पट्टी असते ना, हातभर लांब — ती एकदा बसली, धारेनं नव्हे, सपाट बाजूनं, कानशिलावर. आत काही तरी ओलं फुटलं. दुसऱ्या दिवशी कानात कापूस घालून शाळेत गेले आणि विभक्ती शिकवल्या, एकीलाही कळलं नाही... काय बघताय कानाकडं? मी सांगितलं का हे तुम्हाला? सांगितलं वाटतं. असो. आजाराची माहिती म्हणून सांगितलं.

मग ह्यांच्या गळ्यात गाठ आली. आधी सुपारीएवढी, मग लिंबाएवढी, मग कॉलर लागेना. आवाज बसला, मग गेलाच. श्वास घेताना घशातून शीळ वाजायची, जेवण उलटून नाकातून यायचं, पोट सारखं वाहायचं, हाडांत गेलं तेव्हा कूस बदलायला लावली की तोंड उघडायचे आणि त्यातून काही बाहेर पडायचं नाही. फार क्रूर मरण, ताई. वैऱ्यालाही नको असं म्हणतात, मी म्हणणार नाही. मी सेवा केली. आवाज गेला आणि घर इतकं शांत झालं की भिंतीवरचं घड्याळ मला प्रथमच ऐकू आलं. मी तासन्‌तास ऐकत बसायची. आणि पुढं अनिमेषला गाठी निघाल्या तेव्हा पुण्याच्या डॉक्टरांनी आमच्या घराण्याचा वृक्ष काढला, फळ्यावर, पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, आणि ज्याच्यात दोष होता त्याचं घर खडूनं भरून टाकलं. ह्यांचा चौकोन भरला. मामंजींचाही. मी तिथं खुर्चीत रडले. डॉक्टरांना वाटलं मुलाच्या काळजीनं. मुलाच्या नव्हे हो. मला वाटलं, गेलेला नवरा कुणी तरी धुऊन, स्वच्छ करून, माझ्या हातात परत दिला. मारणारा तो नव्हताच, दोष होता — बघा, शेवटी मीच तो शब्द वापरला.

हो, काढल्या की. अनिमेषच्या गाठी ना? गळ्यातलं सगळं काढलं, तो वण तुम्ही पाहिलाय. मूत्रपिंडांवरच्याही काढल्या, दोन्ही बाजूंच्या, मुळासकट. कधी म्हणजे? तुम्ही शहाळी घेऊन आला होतात की दवाखान्यात — तेव्हा. मुतखड्याचं म्हणून सांगितलं होतं ते. तेच. अगदी खोटं नव्हतं ते, मुतखडेही होते त्याला, परावटु बिघडल्या की होतात. पण पूर्ण सांगितलं असतं तर तुम्ही दीप्तीला त्याच दिवशी उचलून नेलं असतंत, आणि दीप्तीलाही मी श्रियाच्या डोक्यावर हात ठेवायला लावून गप्प बसवलं होतं, तिला दोष देऊ नका. आता बरा आहे तो. डॉक्टर म्हणाले, गाठीचा मागमूस नाही, दर खेपेला तपासतात, स्वच्छ... काय म्हणालात?

पुन्हा म्हणा. ह्या कानाशी येऊन म्हणा.

मग रविवारी कुठली गाठ होती, असं विचारताय तुम्ही.

थांबा. घोटभर पाणी घेते.

हे मीही विचारलं होतं, राजेश्वरीताई. तुम्हाला काय वाटलं, मला सुचलं नसेल? तिथं एक तरुण डॉक्टरीण होती, मराठी तिचं अगदी तोडकं, 'तुमचा मुलगा' न म्हणता 'तुमचे बेटे' म्हणायची, मला तिचं बोलणं ऐकवत नसे. तिला मी बाजूला घेऊन म्हटलं, आता गाठी गेल्या, आता त्याचा संताप जाईल ना? तिचं बोलणं मी सरळ करून सांगतेय. म्हणाली, 'आजी, ह्या झटक्यात माणूस घाबरतो. घाम येतो, छाती धडधडते, आपण आता मरतो असं वाटतं त्याला. चिडचिड होईल फार तर. बायकोला मारण्यासाठी गाठ नाही लागत.' मी तिला म्हटलं, तुमचा अभ्यास अपुरा आहे. असं म्हटलं आणि बाहेर येऊन बाकावर बसले. कारण अभ्यास माझा झाला होता ना, कोंडलेल्या खोलीत. झटका आला की हे हलूसुद्धा शकत नसत. माझं मनगट धरून पडायचे, लहान मुलासारखे, 'सरू, मी चाललो, सरू, सोडू नकोस.' तेव्हा कधी नखही लावलं नाही मला. मग झटका उतरायचा. घाम पुसायचे, चष्मा घालायचे. आणि मग. मी त्यांना घाबरलेलं पाहिलं होतं ना, त्याची ती शिक्षा होती. आणि कितीदा तर झटका आलेलाच नसायचा. आमटी गार झाली, शाळेतून यायला उशीर झाला, एकदा तर मी त्यांच्या आराखड्याला 'सुंदर' म्हटलं म्हणून, 'अचूक' म्हणायला हवं होतं. सासूबाई म्हणायच्या, 'वावटळ आली, जा आत,' कडी पडायची, आणि हे दिव्याखाली उभं राहून शांतपणे बाह्या दुमडायचे. एक एक घडी, नीट. दिवा मालवायचीही गरज उरली नव्हती. सासूबाईंना कळत नव्हतं? चांगलं कळत होतं. त्यांच्या नवऱ्याच्याही बाह्या असतीलच की.

आता अनिमेषच्या अंगात तर तो रस जवळजवळ उरलाच नाही, सांगू का, ग्रंथीच नाहीत. आणि त्याच ग्रंथीतून दुसरा एक रस यायचा, जगायला लागतो तो, म्हणून तो गोळीतून द्यावा लागतो, रोज, मरेपर्यंत. गोळ्या चुकल्या तर रक्तदाब कोसळतो, ओकाऱ्या होतात, माणूस जातो. आजवर दीप्ती द्यायची. सोमवारी तिचा हात गळ्यात बांधलेला, म्हणून मी काढल्या. काढल्या आणि मुठीत धरून देवघरासमोर उभी राहिले. तो आतून ओरडत होता, 'आई, गोळी दे ना, उशीर होतोय.' वजनच नसतं हो त्यांना. मी विचार केला, पाटाच्या पाण्यात टाकल्या तर विरघळतील. उद्याच्याही, परवाच्याही. कुणाला कळणार? म्हातारी विसरली म्हणतील. मी माझ्या मुलाला किती हळूहळू मारता येईल, ह्याचा हिशेब देवासमोर उभी राहून करत होते, आणि अंगावर काटाही आला नाही. मग दिल्या. दिल्या मी, बघू नका अशा. पण मूठ उघडायला वेळ लागला.

रविवारचं सांगते. तुम्हाला संभाजीरावांनी सांगितलंच असेल, पण त्यानं दार उघडल्यानंतरचं पाहिलं. आधीचं मी सांगते. जेवणं झाली होती. दीप्ती ताटं उचलता उचलता म्हणाली, 'बुधवारी मी श्रियाला पुण्याला नेतेय, तिचं रक्त तपासायचं.' एवढंच. विचारलं नाही, सांगितलं. कारण प्रत्येक अपत्याला निम्मी शक्यता असते हा दोष उतरायची, आणि गळ्यातली गाठ ह्या घराण्यांत पोरवयातही धरते. रक्तात दोष निघाला तर गाठ उठायच्या आधीच ती ग्रंथी काढून टाकायची, मग मुलगी इतरांसारखी जगते, एक गोळी घेऊन. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, मुलगी शाळेत जायच्या आधीच करा. दुसरीत आहे ती. अनिमेष करू देत नाही. 'माझ्या मुलीत खोट काढायची नाही,' म्हणतो. तर दीप्ती बोलली, आणि त्यानं हात धुतले. टॉवेलला पुसले. पांढरा पडला नव्हता तो, घाम नव्हता, काही नव्हतं. 'आत चल,' म्हणाला. आणि बाही दुमडली. त्याच्या वडिलांनी त्याला हे शिकवलं नव्हतं हो, तो लहान होता, दार तर बंद असायचं — कुठून पाहिलं त्यानं? ती आत गेली. तो गेला. आणि मघाशी मी म्हणाले ना, दार लागलेलं होतं — मी लावलं. बाहेरची कडी. ह्या घरात आल्यावर मीच बसवून घेतली होती ती, सुतार म्हणाला, 'आजी, खोलीला बाहेरून कडी कशाला?' मी म्हटलं, तू बसव. माझा हात वर गेला आणि कडी पडली, मी विचार केला असं म्हणणार नाही. पाणी उतारानं जातं तसं झालं.

पहिला आवाज कपाटाचा होता. मग तिचा. मग उसाचं कांडं गुडघ्यावर मोडावं तसा एक, आणि त्यानंतर ती ओरडली नाही, ते अधिक वाईट. श्रिया धावत आली. कडीपर्यंत तिचा हात पोचेना. मला म्हणाली, 'आजी, उघड.' मी म्हटलं, बाबाला बरं नाही, बाळ, आई पाय चेपतेय. तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि गेली, मला वाटलं गेली — तर स्वयंपाकघरातलं स्टूल ओढत आणलं, फरशीवर कर्रकर्र करत, आणि चढायला लागली. ते स्टूल मी तिच्या पायाखालून काढून घेतलं, राजेश्वरीताई. पडली ती. गुडघा फुटला. किंचाळली म्हणून मी तिच्या तोंडावर हात दाबला, नाकही दाबलं गेलं असेल, मला भान नव्हतं, मला एवढंच कळत होतं की शेजारी ऐकतील. तिनं कडकडून चावा घेतला. हा बघा. अंगठ्याच्या मुळाशी, अजून काळं आहे. दुधाचे दात पडून नवे आलेत तिला, धार असते त्यांना.

तेवढ्यात हा आला भिंतीवरून. दाराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. 'कडी कुनी लावली, बाई?' मी चावलेला हात पदराखाली घेतला. 'तुमी?' म्हणाला. मग जे म्हणाला ते मला ह्या वयात ऐकून घ्यावं लागलं — 'आमच्यात बी हात उचलत्यात, म्या न्हाय म्हणत न्हाय. लई मोटी घरं हायत, कारखान्याच्या पुढाऱ्यांची, तितं बी उचलत्यात. पण बाई, सासू भाईरनं कडी लावती ह्ये म्या हितंच बगितलं. लांडगा शिरला तर मेंढरं पळावीत म्हणून वाडग्याला बी वाट ठेवत्यात.' आणि कडी काढली. अनिमेष केस सारखे करत बाहेर आला, त्याला म्हणाला, 'संभाजीकाका, हा आमचा घरगुती प्रश्न आहे.' तर हा म्हणतो, 'व्हय का? मग हाड बी घरगुतीच जोडा की. बांबूची कामटी आन् कापडाची चिंधी आसंलच.' आणि दीप्तीला पाठीवर हात न लावता, नुसतं पुढं चालायला सांगून, आपल्या गाडीत घातलं. मी मागं बसले. दवाखान्यात सांगायचं काय ते मी वाटेतच ठरवलं होतं.

उठू नका अजून. एक राहिलं. रक्त तपासू नये, ह्यात मीही अनिमेषच्या बाजूची होते. तो म्हणतो लग्नाला अडचण येईल. माझं कारण ते नव्हतं. तिच्यात दोष नसला तर आनंदच. पण असला, आणि ती मोठी झाली, आणि कुणावर हात न उगारता जगली तर? तोच दोष, तेच रक्त, तेच भरलेलं घर फळ्यावरचं — आणि मुलगी चांगली. मग मी त्या खोलीत कुणाचे पाय चेपत होते जन्मभर? मला तो दोष हवा होता हो, तिला नव्हे, मला. त्यासाठी मी नातीचा गळा पणाला लावला. ह्यांची शीळ मी ऐकलीय रात्रंदिवस. आणि त्या गळ्याचं तसं होऊ शकतं हे ठाऊक असून मी 'हो, रक्त नको' म्हटलं, पोळीवर तूप वाढता वाढता.

न्या तिला.

श्रियालाच म्हणतेय. दीप्तीबरोबर न्या, आत्ता, आणि इंदापूरला जाऊ नका, तिथं तो आधी येईल. सरळ पुण्याला जा, तुमच्या भावाकडं. मागच्या दारानं निघा, त्या गल्लीत संभाजीरावांची गाडी उभी असते, त्यांना म्हणावं मी पाठवलं — नको, माझं नाव सांगू नका, तुम्हीच सांगा. पाठ्यपुस्तकं राहू द्या. दवाखान्यात आडपडदा ठेवायचा नाही: पणजोबांना झटके यायचे, ते तरुणपणी अंगणात कोसळून गेले, आजोबा गळ्याच्या कर्कानं गेले, बापाच्या गळ्यातली आणि मूत्रपिंडांवरची अर्बुदं काढलीत, मुलीचं अजून काहीच तपासलेलं नाही. त्या तोडक्या मराठीच्या बाईंनाच गाठा. आणि दीप्तीच्या हाताचं विचारलं तर नवऱ्यानं मोडला आणि सासूनं कोंडलं होतं असं सांगायचं, त्याला मी नाही म्हणणार नाही, कुणीही विचारलं तरी. मी? मी कुठं येऊ? त्याच्या गोळ्या कोण देईल? — द्यायच्या की नाही ते मी बघेन, तुम्ही त्यात पडू नका.

बसलात काय अजून, त्या दीप्तीला उठवा, गोधडीसकट उचला मुलीला. गाडी वळली कोपऱ्यावर. नाही, अनिमेषचीच आहे, हा कान शाबूत आहे माझा. मी पुढच्या दारात उभी राहते. अडवेन असं म्हणत नाही, उभी राहीन, तो ढकलेल, तेवढा वेळ तुमचा. आणि राजेश्वरीताई, तिच्या तोंडावर हात ठेवू नका. ओरडली तर ओरडू द्या. निघा.